पाट रुंद, पण मोट लहान!

इंटरनेटचा मोठा प्लॅन घेऊनही फाइल हळू का उतरते?

गावोगाव हल्ली एक तक्रार कानी येते. घरात वायरचे इंटरनेट घेतले, शंभर मेगाबिटचा प्लॅन घेतला, दर महिन्याला रोख पैसे मोजले, आणि तरी परदेशातून एखादी मोठी फाइल उतरवायची म्हटली की ती गोगलगायीच्या चालीने येते. मग कोणी शहाणा सल्ला देतो, "दादा, शंभरचा घेतलाच कशाला? दोनशेचा घ्या." दादा दोनशेचा घेतो. फाइल येते ती पूर्वीच्याच चालीने. वरचे पैसे कुठे गेले हे दादाला कळत नाही. पुष्कळदा प्लॅन विकणाऱ्यालाही ते सांगता येत नाही.

वाचकहो, यात दर वेळी कोणी फसवतेच असे नाही. कंपनीने दिलेली लाइन खरोखर शंभर मेगाबिटची असू शकते. अडचण आहे ती दुसरीकडे, आणि ती समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. ज्याने विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे, त्याला ती चटकन कळेल.

इंटरनेट म्हणजे पाइप, पाइप जाड तितके पाणी जास्त, असा दाखला नेहमी दिला जातो. हा दाखला अर्धाच खरा आहे. पाइपातले पाणी पुढे गेले की गेले, ते मागे वळून "मी पोचलो" असे सांगत नाही. इंटरनेटवरच्या माहितीला मात्र तसे सांगावे लागते. म्हणून मला मोटेचा दाखला जास्त पटतो.

नव्या पिढीने मोट पाहिलेली नाही, तिच्यासाठी थोडे सांगतो. विहिरीच्या काठावरून चामड्याची किंवा पत्र्याची मोट दोराने आत सोडायची. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते, तिथून पाणी पाटाने शेतात जाते. मग बैल मागे सरत पुन्हा वर येतात, मोट पाण्यात बुडते, आणि दुसरी फेरी सुरू होते. आता हिशेब करा. मोट दीडशे लिटरची आणि एका फेरीला एक मिनिट लागते असे धरू. तासाला पाणी मिळाले नऊ हजार लिटर. उन्हाळ्यात पाणी खोल गेले, धाव लांबवावी लागली, फेरीला दोन मिनिटे लागू लागली. मोट तीच, बैल तेच, पण पाणी निम्म्यावर आले, साडेचार हजार लिटर. अशा वेळी कोणी शेतातला पाट खणून दुप्पट रुंद केला, तर शेतात एक थेंब तरी जास्त येईल काय?

प्लॅन वाढवणे म्हणजे पाट रुंद करणे. मोटेचा आकार आणि फेरीचा वेळ, या दोन गोष्टींना त्याने हातच लागत नाही.

इंटरनेटवर मोट कोणती आणि फेरी कोणती, ते आता पाहू. तुम्ही एखादी फाइल मागवली की पलीकडचा संगणक तिचे बारीक बारीक तुकडे करतो. एकेक तुकडा साधारण दीड हजार बाइटचा असतो, त्याला पाकीट म्हणतात. पाकिटे निघतात, तुमच्या घरी पोचतात, आणि तुमचा संगणक उलट टपाली पोच देतो, "अमुक पाकिटापर्यंत मिळाले." वाटेत पाकीट हरवले तर कळावे म्हणून ही पोच. आता प्रत्येक पाकिटाच्या पोचेची वाट पाहत बसले तर दिवस संपेल, म्हणून पोच येण्यापूर्वी काही मर्यादेपर्यंत पाकिटे पुढे सोडण्याची मुभा असते. या मर्यादेला इंग्रजी जाणकार 'विंडो' म्हणजे खिडकी म्हणतात. आपण तिला मोट म्हणू. मोटभर माहिती रस्त्यावर सोडली की पाठवणारा थांबतो. पोच आली की पुन्हा सोडतो. पाकीट जाऊन पोच परत येईपर्यंतचा जो वेळ, ती फेरी.

म्हणजे वेग किती? मोट भागिले फेरीचा वेळ. बस्स, एवढेच गणित आहे.

पाकिटे आणि पोच यांची ही पद्धत अमेरिकेतील विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ साली मांडली. १९८१ साली तिचे पक्के नियम छापले गेले, आणि त्यात मोटेचा आकार लिहायला सोळा बिटांचा रकाना ठेवला गेला. त्या रकान्यात मोठ्यात मोठा आकडा मावतो तो ६५,५३५. म्हणजे पोच न येता ६५,५३५ बाइटपेक्षा जास्त माहिती रस्त्यावर असूच शकत नव्हती. आज हा आकडा चिमुकला वाटतो, पण त्या काळच्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही. तेव्हाच्या त्या जाळ्यातल्या मुख्य तारा सेकंदाला छप्पन्न हजार बिट वाहून नेत. बाइट म्हणजे आठ बिट. एवढी मोट त्या तारेवर ओतायलाच नऊ सेकंदांहून अधिक वेळ लागला असता. आडाच्या मानाने पोहरा भलताच मोठा होता.

पुढे तारा रुंद झाल्या, पोहरा मात्र तेवढाच राहिला. सर्व्हर मुंबईत असेल आणि फेरीला सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे वीस मिलिसेकंद लागत असतील, तर ६५,५३५ बाइटच्या मोटेने सेकंदाला सुमारे सव्वीस मेगाबिट माहिती येते. गावच्या कामाला तेवढी पुरे. सर्व्हर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर जाऊन येण्यास साधारण पाव सेकंद लागतो. मोट तीच, पण वेग उरतो तो जेमतेम दोन मेगाबिटांचा. तुमची लाइन शंभरची असो, दोनशेची असो की हजाराची. सातशे मेगाबाइटची फाइल शंभरच्या वेगाने एका मिनिटात यायला हवी, तिला पाऊण तास लागतो.

(जाता जाता एक सूचना. प्लॅनचा आकडा मेगाबिटांत असतो आणि फाइलचे वजन मेगाबाइटांत. दोहोंत आठपट फरक आहे. निम्म्या तक्रारी या एका अक्षराच्या घोळातून निघतात.)

फेरीला इतका वेळ का लागावा? सर्व्हर सुस्त असतो म्हणून? तसे नव्हे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. याहून जास्त वेगाने त्याला पळवता येत नाही, कितीही पैसे ओतले तरी. मुंबईपासून अमेरिकेचा पश्चिम किनारा सरळ रेषेतच तेरा हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि समुद्राखालच्या केबली काही सरळ जात नाहीत. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागलेल्या केबलींपैकी युरोपकडे जाणाऱ्या केबली तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रात जातात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा भारतातली बरीच वाहतूक उलट्या दिशेने, पूर्वेकडून लांबचा वळसा घालून न्यावी लागली. वळसा आला की धाव लांबली आणि फेरीचा वेळ वाढला.

उपग्रहाची गोष्ट तर आणखी न्यारी. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशचे फोन उपग्रहामार्गे होऊ लागले. ज्यांनी उपग्रहावरून फोन केले, त्यांना आठवत असेल की आपण बोलल्यावर पलीकडून उत्तर यायला अंमळ उशीर होई, आणि दोघेही एकदम बोलू लागत. याचे कारण म्हणजे तो उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. बोलणे वर जाऊन खाली येईपर्यंत ७२ हजार किलोमीटर होतात, आणि उत्तरालाही तेवढेच. प्रकाशाच्या वेगाने गेले तरी अर्धा सेकंद यातच खर्ची पडतो. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून इंटरनेटची फेरी सहाशे मिलिसेकंदांपर्यंत जाते. ६५,५३५ बाइटच्या मोटेने इथे एक मेगाबिटसुद्धा वेग मिळत नाही. हल्ली सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे इंटरनेट निघाले आहे. त्याची चर्चा होते ती मुख्यतः याच कारणाने. ती विहीर उथळ आहे.

यावर उपाय दोन. धाव लहान करा, नाहीतर मोट मोठी करा. तिसरा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. एका विहिरीवर अनेक मोटा लावा! साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे, ती पाहिली म्हणजे या तिसऱ्या उपायाचे रूप डोळ्यांपुढे उभे राहते. इंटरनेटवरचे 'डाउनलोड मॅनेजर' नावाचे कार्यक्रम हेच करत. एकाच फाइलचे चार-आठ भाग पाडून प्रत्येक भागासाठी वेगळी मोट चालवायची. पाट रुंद असेल तर सगळ्या मोटांचे पाणी त्यात मावते.

मोट मोठी करण्याचा मार्ग १९९२ साली निघाला. व्हॅन जेकबसन, रॉबर्ट ब्रेडन आणि डेव्हिड बोरमन यांनी नियमांत पुरवणी जोडली. सोळा बिटांचा रकाना बदलता येत नव्हता, कारण जगभरचे संगणक तोच वाचत होते. तेव्हा त्यांनी युक्ती केली. रकान्यात आकडा पूर्वीसारखाच लिहायचा, मात्र सुरुवातीला एकमेकांना सांगून ठेवायचे की आमचा आकडा अमक्या पटीने वाचा. या पटीने मोट एकशे सात कोटी बाइटपर्यंत नेता येते. लांब आणि लठ्ठ जाळ्यांसाठी हा उपाय होता. अशा जाळ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'एलिफन्ट', म्हणजे हत्तीसारखा करावा, असे या मंडळींनी गमतीने लिहूनही ठेवले आहे.

मोट किती मोठी हवी, हेही आपल्याला काढता येते. लाइन शंभर मेगाबिटची, फेरी पाव सेकंदाची, तर रस्त्यावर एका वेळी पंचवीस मेगाबिट, म्हणजे एकतीस लाख बाइट असायला हवेत, तेव्हा कुठे लाइन पूर्ण भरते. कुठे पासष्ट हजार आणि कुठे एकतीस लाख!

उपाय १९९२ चा, पण तो घराघरांत पोचायला पंधरा वर्षे गेली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीवर नेहमीच्या जोडणीत मोट धरलेली होती सुमारे साडेसतरा हजार बाइटची. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून संगणक गरजेप्रमाणे मोट आपोआप वाढवू लागला. मधल्या काळात आणखी एक विघ्न आले. २००४ च्या सुमारास लिनक्सचे नवे संगणक मोठी पट सांगू लागले, तेव्हा वाटेतले काही जुने राउटर ती पट पुसूनच टाकत. समजा तुम्ही व्यापाऱ्याला चिठ्ठी लिहिली, 'पाच क्विंटल पाठवा.' वाटेत कोणी 'क्विंटल' हा शब्द खोडला. व्यापाऱ्याने पाच किलो पाठवले आणि तो पोचेची वाट पाहत बसला. तसेच झाले. पाने उघडेनात, आणि लोक शिव्या देत होते त्या बिचाऱ्या नव्या संगणकाला.

आता कोणी म्हणेल, मोट एवढी महत्त्वाची तर पहिल्यापासूनच भली मोठी का सोडत नाहीत? त्याचे उत्तर १९८६ च्या ऑक्टोबरात मिळाले. अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे चारशे यार्ड. त्या तारेवरचा वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून एकाएकी चाळीस बिटांवर घसरला. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस! कारण साखर कारखान्याच्या फाटकावर गळीत हंगामात होते तेच. सगळ्यांनी आपापल्या गाड्या एकदम आणून लावल्या, रस्ता तुंबला, पाकिटे गळू लागली, गळालेली पाकिटे पुन्हा पाठवली गेली, आणि गर्दी आणखी वाढली.

वर उल्लेखलेल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली यावरचा तोडगा प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने स्वतःची एक दुसरी मोट मनाशी धरायची. पहिल्या फेरीत थोडी पाकिटे, ती नीट पोचली की पुढच्या फेरीत दुप्पट, मग चौपट. पाकीट गळाले की समजायचे पुढे गर्दी आहे, आणि मोट आखडायची. घेणाऱ्याचे थारोळे कितीही मोठे असो, या दोन मोटांपैकी जी लहान तीच चालते. आज जगभरचे व्यवहार एकमेकांना न तुडवता चालतात ते या शिस्तीमुळे. माझ्या मते या माणसाचे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नाही.

या शिस्तीची किंमत मात्र लांबच्या माणसाला द्यावी लागते. २०१३ पासून सुरुवातीची मोट दहा पाकिटांची ठरली आहे, म्हणजे साधारण साडेचौदा हजार बाइट. एक मेगाबाइटचा कागद यायचा तर दुप्पट-दुप्पट करत सात फेऱ्या लागतात. वीस मिलिसेकंदांच्या फेरीने हे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. पाव सेकंदाच्या फेरीने पावणेदोन सेकंद. उंच उपग्रहावरून चार सेकंदांच्या वर. त्याआधी दोन संगणकांच्या रामराम-नमस्कारात दोन-तीन फेऱ्या जातात त्या वेगळ्याच. लहान कागदांच्या बाबतीत प्लॅन मोठा असून उपयोग नाही तो असा. मोट पुरती मोठी होण्याआधीच काम संपलेले असते.

शेताच्या टोकाला उभे राहून मोबाइल लावणाऱ्याचे हाल आणखी वेगळे. तिथे पाकिटे गर्दीमुळे गळत नाहीत, सिग्नल अशक्त म्हणून गळतात. जुन्या रीतीला हा भेद कळत नाही. ती पाकीट गळाले की मोट आखडते, आणि फेरी लांबची असेल तर मोट पुन्हा वाढायला वेळ लागतो. गुगलने २०१६ साली बीबीआर नावाची नवी रीत काढली. ती गळतीपेक्षा प्रत्यक्ष वेग आणि फेरीचा वेळ मोजून मोट ठरवते. तरीही झाडाआडून निघून दहा पावले मोकळ्यावर जाणे हा उपाय अजून जुना झालेला नाही.

घरातही एक भांडण यातूनच होते. धाकटा सिनेमा उतरवत बसतो आणि ताईचा पीक विम्याचा फॉर्म फिरत राहतो. लाइन भरली की पाकिटे राउटरमध्ये रांग लावून उभी राहतात. काही राउटर ही रांग वाजवीपेक्षा फार लांब होऊ देतात, मग ताईच्या चार ओळींच्या फॉर्मलाही सिनेमाच्या पाकिटांमागे ताटकळावे लागते. वीस मिलिसेकंदांची फेरी अशा वेळी शेकडो मिलिसेकंदांची होते. अंतर न वाढता धाव लांबते. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी फॉर्म भरायचा असेल, तर धाकट्याला पाच मिनिटे सिनेमा बंद ठेवायला सांगावे. प्लॅन वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

धाव लहान करण्याचे मोठे काम मात्र कंपन्यांनी आणि सरकारने करायचे आहे, आणि काही झालेही आहे. पूर्वी देशातल्या देशात जाणारी काही पाकिटेसुद्धा परदेशात जाऊन परत येत. ती देशातच एकमेकांना मिळावीत म्हणून २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली, आणि मुंबईसारख्या ठिकाणी अदलाबदलीची केंद्रे निघाली. लोकप्रिय व्हिडिओ, ॲप वगैरेंच्या प्रती मोठ्या कंपन्या आता मुंबई-चेन्नईकडच्या सर्व्हरांवर ठेवतात. म्हणून सिनेमा झटकन लागतो, आणि परदेशी विद्यापीठाच्या सर्व्हरवरची मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रे मात्र रखडत येतात. सिनेमाची विहीर बांधावर आहे, कागदपत्रांची सातासमुद्रापार.

आता प्लॅन वाढवायचा की नाही ते कसे ठरवावे? वेग मोजणाऱ्या ॲपवर 'पिंग' नावाचा एक आकडा मिलिसेकंदांत दिसतो, ती फेरी. पन्नासच्या आत असेल तर उत्तम. शे-दोनशेच्या वर गेला तर मोबाइल जुन्या टूजीवर तर घसरला नाही ना, किंवा घरात कोणी लाइन अडवून तर बसले नाही ना, ते आधी पाहावे. मात्र या ॲपच्या वेगाच्या मोठ्या आकड्यावर भाळू नये. ते सहसा जवळच्या शहरातला सर्व्हर निवडते आणि एकदम अनेक मोटा चालवते.

खरी परीक्षा अशी. जी लांबची फाइल हळू येते आहे, तिचा वेग लिहून ठेवा. मग ती चालू असतानाच त्याच ठिकाणाहून दुसरी मोठी फाइल उतरवायला लावा. दोन्ही फाइली निम्म्या निम्म्या वेगाने येऊ लागल्या, तर अडचण बहुधा पाटाची आहे. पाट तुमचा असेल किंवा वाटेतला. घरची लाइन काठोकाठ भरली आहे असे दिसले, तर मोठ्या प्लॅनचा उपयोग होईल. पण पहिलीचा वेग तसाच राहिला आणि दुसरीही तेवढ्याच वेगाने आली, तर पाटात जागा शिल्लक आहे. अडले आहे ते मोटेपाशी, नाहीतर पलीकडच्या सर्व्हरनेच दर माणशी वेग बांधून दिला आहे. अशा वेळी प्लॅनवर एक रुपयाही जास्त घालू नये. संगणक फार जुना असेल तर तो बदलावा, राउटरमधला कार्यक्रम ताजा करून घ्यावा. आणि हीच परीक्षा एकदा भर संध्याकाळी व एकदा पहाटे करून बघावी. पहाटे वेग पुष्कळ वाढत असेल तर ती वाटेतली गर्दी समजावी, आणि मोठी फाइल रात्री लावून निजावे.